मधले नऊ महिने

ऑपरेशनला अकरा दिवस झाले होते. उजवा पाय दोन उशांवर, गुडघ्यावर बर्फाची पिशवी, मांडीपासून घोट्यापर्यंत ब्रेस. बाथरूमपर्यंत जायचं तरी वॉकर आणि आई दोन्ही लागायचे. अशात एका मैत्रिणीने मेसेज केला, ‘लिंडसी व्हॉन: द फायनल सीझन’ बघ म्हणून. एचबीओची २०१९ची डॉक्युमेंटरी. खाली तिने लिहिलं होतं, ‘बघ आणि ऊठ!’

मी बघितली, आणि उठलेही. फक्त उठायला नको त्या वेळी उठले. त्यामुळे हा लेख त्या फिल्मबद्दल आहे, व्हॉनच्याच ‘राइझ: माय स्टोरी’ या २०२२च्या आत्मकथनाबद्दल आहे आणि थोडा माझ्या गुडघ्याबद्दलही आहे. तिन्ही गोष्टी आता मला वेगळ्या काढता येत नाहीत.

ज्यांना स्कीइंगशी काही देणंघेणं नाही (म्हणजे आपल्यापैकी जवळजवळ सगळे), त्यांच्यासाठी: लिंडसी व्हॉन ही अमेरिकेची स्कीअर. डाउनहिल हा तिचा हुकमी प्रकार. यात बर्फाळ उतारावरून ताशी शंभर किलोमीटरच्याही पुढच्या वेगाने खाली यायचं असतं, आणि अंगावर हेल्मेट सोडलं तर फारसं काही नसतं. २०१०च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये तिने डाउनहिलचं सुवर्ण जिंकलं. २०१९मध्ये निवृत्त झाली तेव्हा तिच्या नावावर वर्ल्ड कपमधले ८२ विजय होते. तोवर कुठल्याच बाईने इतके जिंकले नव्हते. तिच्या वर एकच माणूस होता, स्वीडनचा इंगेमार स्टेनमार्क, ८६ विजयांवर. तो आकडा गाठायची तिची शेवटची धडपड आणि तिला साथ न देणारं शरीर, हा फिल्मचा विषय.

*

आता माझं. फेब्रुवारी २०२४, गुलमर्ग. आम्ही ऑफिसमधले चौघं नवशिक्यांच्या कोर्सला गेलो होतो. आमच्यातल्या कुणीही पुण्याच्या टेकड्यांपलीकडे काही चढलेलं नव्हतं. पाचवा दिवस होता. पडले तेव्हा मी जवळजवळ थांबलेलीच होते. वजन मागे गेलं, मी बसल्यासारखी झाले, खालच्या स्कीची मागची कड बर्फात रुतली आणि पाय आतल्या बाजूला वळला. ‘टप्’ असा आवाज आला. तो मी कानांनी ऐकला की गुडघ्याने, हे अजून सांगता येत नाही.

मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पुण्यात परतून एमआरआयमध्ये ‘एसीएल पूर्ण फाटलेलं’ असं आल्यावर मी पहिल्यांदा रडले आणि दुसऱ्यांदा बग शोधायला बसले. माझा प्रश्न साधा होता: बाइंडिंग का सुटलं नाही? स्कीचा बूट ज्या यंत्रणेत अडकवतात ते बाइंडिंग. तुमचं वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि तुम्ही किती सरावलेले आहात यावरून त्याचा आकडा ठरतो. त्याहून जास्त जोर आला की बूट सुटतो. माझा सुटला नव्हता.

शोधल्यावर कळलं की ज्या कामासाठी बाइंडिंग बनलंय ते काम ते नीट करतं. १९७०च्या दशकापासून ते सुधारत गेलं तशी स्कीइंगमधली नडगीची फ्रॅक्चर खूप कमी झाली. गुडघ्यांच्या बाबतीत तसं झालं नाही. मागे बसून वळत पडणाऱ्या माणसाच्या गुडघ्यावर स्कीचा मागचा भाग तरफेसारखा जोर टाकतो, आणि हा जोर बऱ्याचदा बाइंडिंग सुटण्याइतका नसतो, लिगामेंट तुटण्याइतका मात्र असतो. संशोधकांनी या प्रकाराला ‘फँटम फूट’ असं नाव दिलंय: आपल्या टाचेमागे उलट्या दिशेला असलेला एक भुताचा पाय! थोडक्यात, टेस्ट पास झाली होती. टेस्ट दुसऱ्याच गोष्टीची होती.

हे इतकं सविस्तर सांगायचं कारण म्हणजे ‘परतण्याच्या’ गोष्टींबद्दल माझी तक्रार नेमकी हीच आहे. त्यासुद्धा टेस्ट दुसऱ्याच गोष्टीची घेतात.

*

कुठलीही खेळाची फिल्म आठवा. खेळाडू पडतो. हॉस्पिटलचा पांढरा उजेड. कुणीतरी सांगतं की आता विसर. मग म्युझिक सुरू होतं, घाम, दोरउड्या, दात-ओठ खाणं, सूर्योदय. दीड-दोन मिनिटांनी तो पुन्हा मैदानात. याला माँटाज म्हणतात आणि त्याचा अर्थ एकच असतो: मधला काळ म्हणजे जिद्दीची परीक्षा. ज्याने जास्त सोसलं तो लवकर परतला.

व्हॉनची फिल्म यातल्या बऱ्याच फिल्म्सपेक्षा प्रामाणिक आहे, हे आधीच सांगते. तिच्यात शेवटी विक्रम मोडत नाही. नोव्हेंबर २०१८मध्ये कॉपर माउंटनला सराव करताना ती पडते, डाव्या गुडघ्याच्या लिगामेंटला इजा होते आणि ठरवलेला सीझन हातातून निसटत जातो. फेब्रुवारी २०१९मध्ये स्वीडनमधल्या ओरेच्या जागतिक स्पर्धेत आधी ती सुपर-जीमध्ये आपटते आणि पाच दिवसांनी शेवटच्या डाउनहिलमध्ये ब्राँझ मिळवते. ती संपवून आली तेव्हा खाली स्टेनमार्क स्वतः फुलं घेऊन उभा होता. तिने ज्याला गाठायचं म्हटलं होतं, तोच तिला निरोप द्यायला आलेला. असा शेवट कुणी पटकथेत लिहिला असता तर आपण नाकं मुरडली असती.

पण फिल्म एका सीझनची आहे आणि तिच्यामागे अठरा वर्षांची कारकीर्द उभी आहे. मग मागचे अपघात येणार ते झरझर. पडणं, स्ट्रेचर, हेलिकॉप्टर, जिम, विजय. २०१३ साली पडली, २०१५ साली विक्रम केला. या दोन आकड्यांमधली जागा बघणाऱ्याने स्वतःच्या मनाने भरायची. मी ती ‘जिद्द’ या शब्दाने भरली.

*

आणि पुढचं घडलं ते दहाव्या आठवड्यात. मे महिना. ब्रेस सुटली होती, गुडघा एकशेवीसच्या पुढे वाकत होता, दुखत जवळजवळ नव्हतं. एका सकाळी हनुमान टेकडीवर गेले आणि उतरताना धावले. फार नाही, दोनेकशे पावलं. कानात म्युझिक होतंच. दुपारपर्यंत गुडघ्याचा पपई झाला होता.

माझी फिजिओ ओरडली नाही. तिने सूज मोजपट्टीने मोजली, वहीत लिहिली आणि म्हणाली, “मॅडम, बरं तुम्हाला वाटतंय. ग्राफ्टला नाही वाटत अजून.”

मग तिने जे समजावलं ते आधी कुणी का सांगितलं नाही याचा मला राग आला. (सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं.) एसीएलच्या ऑपरेशनमध्ये तुटलेलं लिगामेंट बहुधा शिवत नाहीत. शरीरातला दुसरा एखादा कंडरा काढून तिथे बसवतात. माझ्या बाबतीत मांडीच्या मागचा हॅमस्ट्रिंगचा. हा तुकडा बसवल्यावर आधी त्यातल्या पेशी मरतात. मग हळूहळू नवा रक्तपुरवठा येतो, नव्या पेशी येतात आणि कंडऱ्याचं लिगामेंटसारखं काहीतरी व्हायला लागतं. याला वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं. आणि ग्राफ्ट सगळ्यात कमजोर असतो तो साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात. म्हणजे नेमका तेव्हा, जेव्हा टाके भरलेत, सूज उतरलीय आणि पेशंटला वाटतंय की आता आपण शेर.

माझ्या नशिबाने दुसऱ्या एमआरआयमध्ये ग्राफ्ट शाबूत दिसला. तीन आठवडे पुन्हा कुबडी, एवढ्यावर भागलं. त्या तीन आठवड्यांत मी फिल्म पुन्हा बघितली आणि या वेळी लॉग वाचतात तशा तारखा लिहून काढल्या.

५ फेब्रुवारी २०१३: ऑस्ट्रियात श्लाडमिंगच्या जागतिक स्पर्धेत व्हॉन पडली. उजव्या गुडघ्याची दोन लिगामेंट्स, एसीएल आणि एमसीएल, तुटली. नडगीच्या हाडाच्या वरच्या टोकाला फ्रॅक्चर. पुढचं ऑलिंपिक, सोची, बरोबर एका वर्षावर.

नोव्हेंबर २०१३: साडेनऊ महिन्यांनी कॉपर माउंटनला सराव करताना पडली. दुरुस्त केलेलं एसीएल पुन्हा अर्धवट फाटलं.

डिसेंबर २०१३: त्याच गुडघ्यावर शर्यती. फ्रान्समध्ये व्हाल दिझेरला गुडघ्याने दगा दिला.

जानेवारी २०१४: सोची रद्द. पुन्हा ऑपरेशन.

डिसेंबर २०१४: कॅनडात लेक लुईजला पुनरागमन आणि विजय.

जानेवारी २०१५: इटलीत कोर्तिनाला ६३वा विजय. अ‍ॅनेमरी मोझर-प्रोलचा ६२ विजयांचा विक्रम मागे पडला.

हे वाचल्यावर कुणाही इंजिनिअरच्या पोटात ओळखीचा गोळा येईल. पहिल्या वेळी रिलीजची तारीख बाहेरून आली होती. ऑलिंपिक कुणाच्या गुडघ्यासाठी थांबत नाही. दुसऱ्या वेळी सीझन गेलेलाच होता, मागे लागायला कुठली तारीख नव्हती. जिद्द दोन्ही वेळी तीच होती, कारण बाई तीच होती. बदलली होती ती घाई.

एका माणसाच्या दोन नोंदींवरून नियम निघत नाही, हे मला कळतं. व्हॉनच्या वेगाने जाणारा कुणीही, कितीही थांबून परतला तरी पडू शकतो. पण नियम काढणारे लोक आहेत. २०१६ साली ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला होता. एसीएलचं ऑपरेशन झालेल्या १०६ जणांवर दोन वर्षं लक्ष ठेवलं. नवव्या महिन्यापर्यंत, खेळात परतणं जितके महिने पुढे ढकललं त्या प्रत्येक महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण ५१ टक्क्यांनी कमी होत गेलं. महिन्याला निम्मं! इतका स्वस्त उपाय माझ्या क्षेत्रात कुणी सुचवला तर त्याला बढती मिळेल. उपाय एकच: थांबा. अर्थात थांबा म्हणजे लोळा नव्हे. मांडीचे स्नायू दुसऱ्या पायाच्या बरोबरीला येईपर्यंत रोज तोच कंटाळवाणा व्यायाम करत थांबा.

यात दाखवण्यासारखं काय आहे? काहीच नाही, आणि तीच अडचण आहे. गादीवर बसून टॉवेलच्या गुंडाळीवर गुडघा दाबायचा, दहा आकडे मोजायचे, सोडायचा. दिवसातून तीनशे वेळा. कॅमेऱ्याला घाम दिसतो, आकडे मोजणं दिसत नाही. म्हणून सोसणाऱ्यांच्या फिल्म्स होतात आणि वाट बघणाऱ्यांच्या होत नाहीत.

*

फिल्म दुसऱ्यांदा बघत होते तेव्हा आई शेजारी मेथी निवडत बसली होती. अर्ध्या तासाने म्हणाली, “हिच्यामागे किती माणसं आहेत बघ.”

मी तोवर व्हॉनकडेच बघत होते. मग मागे बघितलं. डॉक्टर, फिजिओ, ट्रेनर, कोच, स्की तयार करणारा माणूस. फिल्म त्यांना लपवत नाही, पण गोष्ट एकटीची आहे असं आपल्याला सारखं वाटत राहतं. माझ्यामागेही कंपनीचा विमा होता, वर्क फ्रॉम होम होतं, आणि मेथी निवडणारी आई होती. यातलं एक जरी काढलं असतं तरी माझी जिद्द दुसऱ्या महिन्यातच संपली असती.

‘राइझ’ हे पुस्तक मी यानंतर वाचलं, आणि मला ते फिल्मपेक्षा उजवं वाटलं. त्याचे दोष उघड आहेत. नावापासूनच ते पडण्या-उठण्याच्या चालीवर बसवलंय, आणि अनेक जागी प्रत्येक आपत्तीतून लगेच एक शिकवण निघते. आपत्तीला थोडा वेळ नुसती आपत्ती म्हणून राहू दिलं असतं तर बरं झालं असतं. पण पुस्तकाला वेळ असतो. त्यात मिनेसोटातली बक हिल आहे, शंभर मीटरही उंची नसलेली टेकडी, आपली पर्वती आठवावी अशी. त्यात नैराश्य आहे, बर्फ वितळल्यावर उरणारा रिकामा दिवस आहे. आणि त्यात तिची आई आहे.

लिंडसीच्या जन्माच्या वेळी तिच्या आईला स्ट्रोक आला. त्यातून ती वाचली, पण शरीर पूर्वीसारखं झालं नाही. मुलगी जगातली सगळ्यात वेगवान स्कीअर झाली, आणि आईला तिच्यासोबत स्की करता आलं नाही. व्हॉन आईकडे बळ म्हणून बघते. आई इतकं सोसून हसतमुख राहिली, मग मी गुडघ्याचं काय घेऊन बसले, असा तिचा सूर आहे. मुलगी म्हणून तो समजतो. वाचक म्हणून मात्र मला वाटलं की पुस्तकाच्या मुख्य म्हणण्याला या आईनेच शांतपणे छेद दिलाय. कारण ती ‘परतली’ नाही. जिद्द कमी पडली म्हणून नव्हे. काही दुखापतींना परतीचा रस्ताच नसतो. पडलेला प्रत्येक माणूस उठतोच असं मानणारं पुस्तक हिला कुठे बसवणार? तिला प्रेरणा करून टाकलं की हा प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. सुटत नाही.

हे मी आईला सांगत होते. ती ऐकत होती आणि मध्येच म्हणाली, “माझा पण सटकतो की.”

काय सटकतो?

“गुडघा. जिना उतरताना. खो-खो सुटला तेव्हापासून.”

आई शाळेत असताना जिल्ह्याच्या संघातून खेळायची, हे मला माहीत होतं. खेळ का सुटला हे मी कधी विचारलं नव्हतं. लग्न झालं असेल, असं गृहीत धरलं होतं. खांबाला वळसा घेताना पाय रोवला गेला, अंग फिरलं, कटकन आवाज आला. पाय मुरगळला म्हणून हळदीचा लेप, पाटा, पंधरा दिवस घरी. पुन्हा मैदानावर उतरली तर गुडघा जागेवरून सटकला. मग खेळणं बंद. कुणी म्हणालं नाही की विसर, आणि कुणी म्हणालं नाही की परत ये. गोष्ट झालीच नाही तिची.

*

डिसेंबर २०२४मध्ये माझ्या चाचण्या झाल्या. एका पायावर उड्या, दोन्ही पायांच्या ताकदीची तुलना. तिथे पास झाले. मग फिजिओने बारा प्रश्नांचा एक कागद दिला, मनाची तयारी मोजणारा. २००८पासून ही प्रश्नावली वापरात आहे. भीती वाटते का, खात्री वाटते का, असं विचारणारी. त्यात मी सपशेल नापास. गंमत म्हणजे मला ते वाचून बरं वाटलं. कुणीतरी भीतीलाही मोजण्याजोगी गोष्ट मानलं होतं. माँटाजमध्ये भीती एका आरोळीत संपते. माझी अजून आहे.

गुलमर्गला मी मार्च २०२५मध्ये गेले. त्या वर्षी बर्फानेसुद्धा सगळ्यांना थांबवलं होतं; फेब्रुवारीतले खेलो इंडियाचे हिवाळी खेळ मार्चवर ढकलावे लागले होते. नवशिक्यांच्या उतारावर व्हॉनचं नाव कुणी घेत नव्हतं. तिथे नाव चालतं ते आरिफ खानचं, गुलमर्गच्या मातीतल्या पोराचं, जो २०२२च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू होता आणि जायंट स्लॅलममध्ये ४५वा आला. ‘४५वा’ हे तिथे अभिमानाने सांगतात. मला ते फार आवडलं.

मी स्कीची टोकं जवळ आणि टाचा लांब अशा बाळबोध पद्धतीने, चिमुकल्या पोरांच्या मागून, खाली आले. डावीकडे वळताना उजव्या पायावर वजन टाकायचं असतं. प्रत्येक वळणाआधी पोटात खड्डा पडत होता. तीन दिवस मी तेवढंच केलं. चौथ्या दिवशी बर्फ कडक होता तेव्हा गेले नाही, कहवा पीत बसले. वर्षभरापूर्वी याला मी हार म्हटलं असतं.

त्याच महिन्यात अमेरिकेतल्या सन व्हॅलीला चाळीस वर्षांची लिंडसी व्हॉन वर्ल्ड कपच्या सुपर-जीमध्ये दुसरी आली. एप्रिल २०२४मध्ये तिने उजव्या गुडघ्याचा काही भाग कृत्रिम बसवून घेतला होता आणि नोव्हेंबरमध्ये परतत असल्याचं जाहीर केलं होतं. म्हणजे ‘फायनल सीझन’ हे फिल्मचं नाव आता चुकीचं ठरलंय. बातम्यांत पुन्हा तोच शब्द होता, जिद्द. असेलही. पण मला मधली सहा वर्षं दिसली. तारखेचा धाक नसलेली, चुपचाप सहा वर्षं.

फिल्म जरूर बघा, पण गुडघा धडधाकट असताना. दुखापतीत असाल तर पुस्तक वाचा, आणि त्यातली शिकवण सोडून आई वाचा.

माझ्या आईचा एमआरआय गेल्या महिन्यात काढला. एसीएल नाहीच. तीसेक वर्षं नसावं. डॉक्टर म्हणाले की आता ऑपरेशन नको, मांडीचे स्नायू मजबूत करा. आता संध्याकाळी सिरियल लागली की आम्ही दोघी जमिनीवर पाय पसरून बसतो, गुडघ्याखाली टॉवेलच्या गुंडाळ्या घेऊन. आकडे आई मोजते. मी घाई केली की ती पुन्हा एकपासून सुरू करते.